त्याची तक्रार, त्याच्या शब्दांत

(उपवासकाळातल्या एका संध्याकाळी मालवण तालुक्यातल्या एका चर्चच्या सभागृहात झालेलं हे बोलणं. उतरवून घेताना पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

फादरांनी मला विषय दिला, 'दुरावलेल्या माणसाशी समेट'. आणि वर बजावलं, "सर, पाऊण तासात आटपा, लोकांची शेवटची एसटी आहे." चाळीस वर्षं मुंबईत शाळेत मराठी शिकवल्यामुळे घंटेच्या आत धडा संपवायची सवय आहे मला. बघू.

मलाच का बोलावलं, ते इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. आपल्या वाडीत गुपित राहायला जागाच कुठे आहे? मी आणि माझा थोरला भाऊ अकरा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हतो. त्यातली पहिली पाच मी मुंबईत होतो, तेव्हा न बोलणं सोपं होतं. निवृत्त होऊन इथं आलो, दादाच्या शेजारीच घर बांधलं, मधे दगडांचा गडगा घातला, आणि मग ते कठीण झालं. दर रविवारी एकाच मिस्साला आम्ही दोघं. तो डावीकडे खिडकीपाशी, मी उजवीकडे पंख्याखाली. फादर एकमेकांना शांती द्यायला सांगतात, तेव्हा मी हात जोडून पुढे वळायचो, मागे वळायचो, उजवीकडे वळायचो. डावीकडे वळायचं राहून जायचं. सहा वर्षांत एकदाही चुकून वळलो नाही. इतका काटेकोरपणा मी वह्या तपासताना दाखवला असता, तर मुलांचं भलं झालं असतं.

आणि मी काही ते लपवत नव्हतो. दर वर्षी इस्टरच्या आधी कुमसाराला, म्हणजे फादरांपाशी पापांची कबुली द्यायला, जायचो आणि सांगायचो, भावाशी बोलत नाही. फादर प्रार्थना सांगायचे, मी ती म्हणायचो, घरी यायचो. देवाला सांगणं सोपं असतं हो. देव गडग्यापलीकडे राहत नाही.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं ते वचन तुम्ही शंभरदा ऐकलंय. वेदीपाशी दान आणलंस आणि तिथं तुला आठवलं, तर दान तिथंच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, मग ये आणि दान दे. मी हे वर्गात नाही, पण घरी मुलांना पाठ करून घेतलं होतं. आणि इतकी वर्षं मी ते चुकीचं वाचत होतो. मराठीचा मास्तर, आणि वाक्यातला कर्ता कोण ते मला कळलं नाही!

तिथं काय आठवायचं आहे? 'तुझ्या मनात भावाविरुद्ध काही आहे' असं आठवलं, असं प्रभू म्हणतच नाही. 'तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे' असं आठवलं, तर जा. म्हणजे वेदीपाशी उभं राहून माझ्या तक्रारींची यादी मोजायची नाही. ती तर तोंडपाठ असते, ती आठवावी लागत नाही. आठवायची आहे त्याची तक्रार. आणि मी खरंच विचार करायला बसलो तेव्हा लक्षात आलं की दादाची माझ्याबद्दल नेमकी तक्रार काय आहे, ते मला माहीतच नाही. गडग्यावरून असेल, कलमांवरून असेल, सातबाऱ्यावरून असेल, असं मी धरून चाललो होतो. कोकणात भाऊ भांडले की लोकही तेच धरून चालतात.

आणखी एक गोष्ट या वचनात आहे, ती ऐकणाऱ्यांना तेव्हा लगेच कळली असणार, आपल्याला कळत नाही. प्रभू बोलतोय गालीलात. वेदी आहे यरुशलेमच्या मंदिरात. मधे शंभर किलोमीटरहून जास्त अंतर, चालत तीन-चार दिवस. आपल्याकडची माणसं ३ डिसेंबरच्या संत फ्रान्सिस झेवियरच्या फेस्ताला जुन्या गोव्याला चालत जातात ना, साधारण तशीच वाट समजा. आता कल्पना करा, पायांना फोड आलेत, तुम्ही बासिलिकेच्या दारात पोचलात, मेणबत्ती हातात आहे, आणि कोणी म्हणालं, ती मेणबत्ती ठेव इथं, आधी मालवणला परत जा, भावाला भेट, मग ये. कोण जाईल? मी तर म्हटलं असतं, आता आलोच आहे तर आधी दर्शन घेतो. माझा भाऊ शंभर किलोमीटरवर नव्हता. पाणंदीने वळसा घालून गेलं तर चाळीस पावलं. मी मोजली आहेत, कारण बऱ्याचदा वीस चालून परत आलो आहे.

उधळ्या मुलाची गोष्ट मी नेहमी स्वतःला धाकटा समजून ऐकायचो. घर सोडून मुंबईला गेलेला, परत आलेला. बापाने धावत येऊन गळ्यात पडावं अशी बसल्याबसल्या वाट बघणारा. लूकच्या पंधराव्या अध्यायाचा शेवट कोणी वाचतं का पण? आमच्याकडे प्रवचन सहसा धाकट्यासाठी कापलेल्या धष्टपुष्ट वासरापाशी संपतं. थोरला मुलगा शेतावरून येतो, घरात नाचगाण्याचा आवाज ऐकतो आणि बाहेरच थांबतो. बाप त्याच्यासाठीही बाहेर येतो, हे लक्षात घ्या. एका दिवसात बाप दोनदा घराबाहेर पडला, एकदा धाकट्यासाठी, एकदा थोरल्यासाठी. आणि थोरला काय म्हणतो? इतकी वर्षं मी राबलो, मला तू मित्रांसोबत मजा करायला एक करडूही दिलं नाहीस. वासरू राहू द्या, करडू! घरी राहिलेल्याची तक्रार नेहमी करडाएवढीच असते, आणि म्हणूनच ती कोणी ऐकत नाही. तो धाकट्याला 'माझा भाऊ' म्हणत नाही, 'हा तुझा मुलगा' म्हणतो. बाप ते शांतपणे दुरुस्त करतो, 'हा तुझा भाऊ'. आणि गोष्ट तिथंच थांबते. थोरला आत गेला की नाही, लूक सांगत नाही.

धाकट्याने मात्र एक गोष्ट केली नाही. बापासाठी त्याने माफीचं वाक्य वाटेत घोकून ठेवलं होतं. भावासाठी त्याच्याकडे एक शब्दही नव्हता. हे मला साठी उलटल्यावर दिसलं.

दादाची तक्रार मला कशी कळली, ते सांगतो. आमच्या वहिनी आणि माझी बायको यांच्यात या सगळ्या वर्षांत एकदाही अबोला नव्हता. गडग्यावरून आमसुलं येत होती, शेवग्याच्या शेंगा जात होत्या, ख्रिसमसला नेवऱ्यांचे डबे तर दोन्ही बाजूंनी. आम्ही दोघं पुरुष त्या नेवऱ्या खात होतो आणि कुठल्या घरातून आल्या ते न विचारण्याचं नाटक करत होतो. गेल्या मे महिन्यात वहिनी वाळवण काढत होत्या, मी इकडे झाडांना पाणी घालत होतो. मी सहज म्हटलं, हा गडगा मी घातला नसता तर बरं झालं असतं. त्या वर न बघता म्हणाल्या, "भावोजी, गडगो तुमी मागसून घातलात. हे त्याच्याआदीच गप झाले."

कधीपासून, मी विचारलं. त्या म्हणाल्या, मायच्या दिवसापासून.

माय गेली तेव्हा मी रात्रीची गाडी पकडून सकाळी पोचलो. खळ्यात सगळी वाडी जमलेली. मी उंबऱ्याशी चपला काढल्या आणि दादाला पहिलं वाक्य विचारलं, "डॉक्टरकडे कधी नेलं होतंस?"

हे वाक्य मी बोललो, हे मला अजिबात आठवत नव्हतं. आजही आठवत नाही, वहिनींनी सांगितलं म्हणून माहीत आहे. मी काळजीने विचारलं असणार. पण ज्याने सात वर्षं तिला उचलून बसवलं, भरवलं, रात्री-अपरात्री कूस बदलायला उठला, त्याला चाळीस माणसांसमोर ते कसं ऐकू आलं असेल? मुंबईहून आलेल्या भावाने सगळ्यांसमोर हिशोब मागितला. बस्स. त्याला उत्तर देता आलं असतं. त्याने दिलं नाही. तो गप झाला, आणि अकरा वर्षं गप राहिला.

मी लगेच गेलो असं समजू नका. त्यानंतर तीन आठवडे लावले. शेवटी गेलो तो जूनमध्ये. १ जूनला मासेमारी बंद होते, ३१ जुलैपर्यंत बोटी किनाऱ्यावर, तेव्हा आपल्याकडे जाळी बाहेर निघतात. दादा पडवीत जाळं पसरून बसला होता. पाऊस लागून होता. मी पाणंदीतून भिजत गेलो, पायरीवर उभा राहिलो. त्याने वर बघितलं.

"इलंस?"

एवढंच. मी म्हटलं, हो. त्याने जाळ्याचं एक टोक माझ्याकडे फेकलं. "धर. ताणून धर."

मी ते धरून बसलो. तास-दीड तास. जाळ्याला हाताएवढं भोक पडलं होतं. मला वाटलं, आता हा सुई घेईल आणि शिवायला लागेल. त्याने आधी ब्लेड घेतलं आणि भोक मोठं केलं. तुटलेल्या, विस्कटलेल्या दोऱ्या गाठीपर्यंत कापून काढल्या, कडा नीट केली, मग सुईत दोरा भरला. मी विचारलं, वाढवलंस कशाला? तर म्हणाला, फाटक्या टोकाला गाठ बसत नाही, एक आस, म्हणजे जाळ्याचं एक घर, धड सापडली की तिथून पुढे विणता येतं. मग त्याची बोटं चालू लागली. आस, गाठ, आस, गाठ. ती बोटं आता सांध्यात सुजलेली आहेत, हे मी पहिल्यांदाच बघितलं.

नंतर एकदा फादरांना हे सांगितलं, तर त्यांनी सेमिनरीत शिकलेलं ग्रीक बाहेर काढलं. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात याकोब आणि योहान बापाबरोबर होडीत जाळी नीट करत बसलेले असतात, तेव्हा प्रभू त्यांना हाक मारतो. तिथं 'नीट करणे' याला जे ग्रीक क्रियापद आहे, तेच पौल गलतीकरांना लिहिताना वापरतो, कोणी चुकला तर त्याला सौम्यतेने ताळ्यावर आणा, असं सांगताना. म्हणजे पौलाने जाळं विणणाऱ्याचा शब्द उचलला. सौम्यतेने, हे त्याने वेगळं सांगितलं. ब्लेड हातात असतं ना, म्हणून असेल.

पहिल्यांदा फाटलेली कडा कापावी लागते. मी त्या दिवशी तेच केलं, जमेल तसं. म्हटलं, "दादा, मायच्या दिवशी खळ्यात मी तुला सगळ्यांसमोर डॉक्टरचं विचारलं. तू सात वर्षं तिचं केलंस आणि मी येऊन तुझा हिशोब घेतला. चुकलो." 'पण' म्हणायचं नाही, असं पक्कं ठरवून गेलो होतो. मला तसं विचारायचं नव्हतं, पण. गाडी उशिरा पोचली, पण. ते 'पण' जिभेवर आलंच होतं. गिळलं. या बाबतीत मास्तर म्हणून सांगतो, माफीच्या वाक्यात 'पण' हे उभयान्वयी अव्यय नको.

त्याने हातातली सुई थांबवली नाही. बराच वेळाने म्हणाला, "मायन शेवटाक तुझांच नाव घेतल्यान." आणि परत विणायला लागला. त्या दिवशी मिठी वगैरे काही नाही. वहिनींनी चहा आणला, त्याबरोबर खटखटे लाडू. निघताना म्हणाला, उद्या दुसरं जाळं काढणार आहे.

आता थोडं फटकळ बोलतो. समेटाच्या नावाखाली आपल्या चर्चमध्ये काही चुकीचंही सांगितलं जातं, आणि ते बहुतेक वेळा बायकांना सांगितलं जातं. नवरा मारतो, तर क्षमा कर आणि परत जा. वर प्रभूच्या वचनाचा दाखला, सात वेळा नाही, सत्तर गुणिले सात वेळा क्षमा कर. मला हे मान्य नाही, आणि पवित्र शास्त्रालाही मान्य नाही. पहिल्या शमुवेलाच्या सव्विसाव्या अध्यायात दावीद आपल्या जिवावर उठलेल्या शौल राजाच्या, तो झोपलेला असताना, उशाचा भाला उचलतो, त्याला मारत नाही. शौल जागा झाल्यावर म्हणतो, मी पाप केलं, माझ्या मुला दावीद, परत ये. दावीद काय करतो? भाला परत देतो, तोही कोणा तरुणाला येऊन न्यायला सांगतो. स्वतः जवळ जात नाही. आणि आपल्या वाटेने निघून जातो. सूड घेतला नाही, भाला ठेवून घेतला नाही, आणि घरीही परत गेला नाही. पौल रोमकरांना लिहितो, शक्य असेल तर, तुमच्याकडून होईल तितकं, सर्वांबरोबर शांतीने राहा. 'शक्य असेल तर' हे त्यानेच लिहिलंय, मी नाही घातलं.

आणि समेट झाला म्हणजे पूर्वीसारखं एका चुलीवर आलं पाहिजे, असंही नाही. याकोब आणि एसाव हे भाऊ बघा. याकोबाने एसावाला फसवून पळ काढलेला. वीस वर्षांनी भेटतात. याकोब आधी भेट पाठवतो, शेळ्या, मेंढ्या, उंट, गाई, गाढवं मिळून साडेपाचशेच्या वर जनावरं. एसाव चारशे माणसं घेऊन येतोय, भीती वाटणारच. एसाव धावत येतो, गळ्यात पडतो, दोघं रडतात. आणि मग? एसाव म्हणतो, चल माझ्याबरोबर. याकोब म्हणतो, तू हो पुढे, लेकरं लहान आहेत, मी हळूहळू सेईरला येतो. गेलाच नाही! एसाव सेईरला, हा सुक्कोथला. मी लहानपणी याला लबाडी म्हणायचो. आता वाटतं, त्याला आपल्या भावाची आणि स्वतःचीही ओळख होती. पुढे इसहाक वारला, तेव्हा दोघांनी मिळून बापाला पुरलं. कोकणात काय वेगळं आहे? भाऊ वर्षानुवर्षं वेगळे, आणि भेटतात कबरीपाशी. यांची भेट त्याच्या आधी झालेली होती, एवढाच फरक. थोडका नाही तो.

आपल्याच किनाऱ्यावरचं एक उदाहरण देतो, जरी ते आपल्या पंथातले नव्हते. नारायण वामन टिळक, जन्म १८६१, रत्नागिरी जिल्ह्यातलं करजगाव. १० फेब्रुवारी १८९५ ला त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या काळात एका ब्राह्मण घरात हे म्हणजे जिवंतपणी मरणच. लक्ष्मीबाई पंढरपूरला नातेवाइकांकडे, मुलगा त्यांच्यापाशी. काही वर्षं नवरा-बायको वेगळी. मग त्या त्यांच्याकडे परत आल्या, त्या हिंदू म्हणूनच. सोवळं लगेच सुटलं नाही. एका घरात दोन धर्म आणि दोन पाणी. बाप्तिस्मा त्यांनी घेतला तो १९०० साली. मला त्यातला मधला काळ महत्त्वाचा वाटतो. कोण बरोबर हा प्रश्न सुटलेला नसताना दोन माणसं एका छपराखाली आली. आम्ही तर प्रश्न सुटल्याशिवाय एका बाकावर बसत नाही.

आमचाही सुटलेला नाही. गडगा आहे तिथंच आहे. सातबाऱ्यावर आमच्या दोघांशिवाय आणखी नऊ नावं आहेत, त्यातली काही माणसं मी बघितलेलीही नाहीत, तो घोळ तलाठीही सोडवू शकत नाही. मिस्साला दादा अजून डावीकडेच बसतो, त्याला खिडकीचा वारा लागतो. पण मी वळतो. तो कधी हात जोडतो, कधी नुसती मान हलवतो.

काल त्याला सांगायला गेलो, उद्या चर्चमध्ये बोलायचंय, तुझ्याबद्दल बोललो तर चालेल का? तो पाग, म्हणजे हाताने फेकायचं जाळं, गुंडाळत होता. म्हणाला, "सांग. पण माजी तकरार माज्या शब्दांत सांग. तुझ्या मास्तरी मराठीत नको." आणि त्याने तीन गोष्टी बोटांवर मोजून दिल्या. मी त्या या कागदावर लिहून आणल्यात. मालवणी मला त्याच्यासारखी येत नाही, तेव्हा भाषा माझी आहे, पण मजकूर तोच.

पहिली. मायच्या दिवशी तू विचारायला हवं होतंस, तू जेवलास का. दोन दिवस मी जेवलो नव्हतो.

दुसरी. गडगा तू गुरं येतात म्हणून घातलास असं लोकांना सांगतोस. माझ्याकडे गुरं नाहीत.

हे खरं आहे. त्याच्याकडे गुरं नाहीत. हसा तुम्ही, मी पण हसलो, उशिरा.

तिसरी. तू शिकलास म्हणून मला सातवीत शाळा सोडून रापणीवर, किनाऱ्यावरून जाळं ओढायला, जावं लागलं.

ही मला अजून पटलेली नाही. ते बाबांनी ठरवलं, मी तेव्हा आठ वर्षांचा होतो, आठ वर्षांच्या पोराचा त्यात काय गुन्हा? हे मी त्याला काल तसंच सांगितलं. तो म्हणाला, "तुका म्हायती नव्हतां, तां खरां. पण मगे तरी कधी इचारलंस?"

मी गप्प बसलो. त्याने पाग खुंटीला लावला आणि म्हणाला, जूनमध्ये जाळी काढू तेव्हा बोलू.